मृत्यू धुळीचा, नोंद मात्र क्षयाची!

दगड फोडणारा, रेती चाळणारा, फौंड्रीत साचे भरणारा किंवा ग्रॅनाइट कापणारा मजूर पस्तिशी-चाळिशीतच खोकू लागतो. जिना चढताना त्याला दम लागतो, अंगावरचे मांस झडू लागते. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो निघतो, फोटोत डाग दिसतात आणि कार्डावर लिहिले जाते ‘क्षय’. सहा महिन्यांचे औषध सुरू होते. औषध संपते, पण दम संपत नाही. पुन्हा तपासणी, पुन्हा औषध आणि दोन-चार वर्षांत माणूसच संपतो. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय, शेजाऱ्यांच्या तोंडी ‘दारू फार प्यायचा’ आणि मालकाच्या हजेरीपटावर तर त्याचे नावच नाही! अशा रीतीने एका कामगाराचे मरण पचवले जाते आणि कोणालाही त्याचा जाब द्यावा लागत नाही.

या रोगाचे खरे नाव सिलिकोसिस. गारगोटी, वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट यांत सिलिका नावाचे खनिज असते. दगड फोडताना, दळताना, कापताना, घासताना त्याची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकातोंडात अडते. खरा घात करते ती केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक, न दिसणारी धूळ. ती थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. शरीरातल्या रक्षक पेशी तिला गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण तयार होतो, व्रणांच्या गाठी होतात आणि मऊ स्पंजासारखे फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. धूळ बेताची असेल तर या प्रक्रियेला दहा-वीस वर्षे लागतात. धूळ भरमसाट असेल तर काही महिने ते चार-पाच वर्षांतच माणूस खलास होतो. काम सोडले तरी रोग वाढतच राहतो. त्यावर औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ मानवाला कर्करोग देणारी म्हणून पहिल्या गटात टाकली. शिवाय सिलिकाने पोखरलेल्या फुफ्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. म्हणजे ज्याला क्षय झाला म्हणतात त्याला अनेकदा खरोखरच क्षय झालेला असतो. पण तो का झाला हे कोणी विचारीत नाही.

आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःखाचे निवारण होते, हे तथागतांनी सांगितले. सिलिकोसिसला हे तंतोतंत लागू पडते. या रोगाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात नाही, नशिबात नाही, मजुराच्या व्यसनात तर नाहीच नाही. ते कामाच्या जागेच्या हवेत आहे, ते मोजता येते आणि पाण्याच्या फवाऱ्याने, धूळ ओढून नेणाऱ्या यंत्राने, यंत्र बंदिस्त करून ते दूरही करता येते. बरा न होणारा, पण पूर्णपणे टाळता येणारा असा हा रोग आहे. मग तो टळत का नाही? कारण तो टाळण्याचा खर्च मालकाला करावा लागतो आणि न टाळल्याचा खर्च मजुराच्या बायकापोरांना सोसावा लागतो. ज्याला झळ लागत नाही तो खर्च कशाला करील? मालकाला झळ लागू नये म्हणूनच मरणाचे नाव बदलले जाते.

नाव बदलून मरण लपवण्याची ही युक्ती आपल्याच देशातली नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९३० साली गॉली ब्रिज गावाजवळ हॉक्स नेस्ट नावाच्या डोंगरातून नदीचे पाणी वळवण्यासाठी बोगदा खणायला घेतला. डोंगर जवळजवळ शुद्ध सिलिकेचा होता. आत खणणाऱ्या मजुरांत बहुसंख्य दक्षिणेतून पोटासाठी आलेले काळे लोक होते. पाणी न मारता कोरडेच ड्रिलिंग झाले. माणसे महिन्यांच्या आत मरू लागली. त्यांच्या आजाराला न्यूमोनिया म्हटले गेले, क्षय म्हटले गेले. पुढे झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की या एका बोगद्याने साडेसातशेहून अधिक जीव घेतले. १९३६ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे याची सुनावणी झाली, तेव्हा कुठे जगाला हे कळले. हा बोगदा कोणत्या उद्योगसमूहासाठी खणला गेला? युनियन कार्बाइडसाठी! होय, तीच युनियन कार्बाइड, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून १९८४ साली वायू सुटला आणि वस्त्याच्या वस्त्या मेल्या. गॉली ब्रिजला काळे मेले, भोपाळला गरीब मेले. मरणारा कोण असणार हे भांडवलशाहीत आधीच ठरलेले असते.

आता आपल्या देशाकडे वळू. बाबासाहेबांनी आपल्याला ‘शिका’ म्हणून सांगितले आणि आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्या हातात पाटी-पेन्सिल दिली. ती पाटीवरची पेन्सिल कुठे तयार होत होती? मोठ्या प्रमाणात मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात. तिथला मऊ दगड यंत्राच्या करवतीने कापून पेन्सिली काढल्या जात. १९८० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्या कामगारांना तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झालेला आढळला. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला मुकलेल्या समाजाची पोरे ‘अ’ गिरवीत होती आणि दुसरीकडे ती पेन्सिल कापणारा बाप तिशीत फुफ्फुस गमावत होता. मध्य प्रदेश सरकारने १९८२ साली या कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला, कारण तोवर विधवांची संख्या लपवता येण्याजोगी राहिली नव्हती.

गुजरातमधल्या गोधरा आणि बालासिनोरची कहाणी त्याहून भयंकर आहे आणि कायद्याच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. तिथे गारगोटी दळून तिचे पीठ करणारे कारखाने होते. ते पीठ काच उद्योगाला लागते. दळणाच्या कामाला मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार जिल्ह्यांतले भिल-भिलाला आदिवासी जात. आपल्या नंदुरबार जिल्ह्याला लागून असलेला, नर्मदेच्या पलीकडचाच हा मुलूख. दुष्काळात घरदार सोडून गेलेली ही माणसे काही महिने पीठ दळून परत येत आणि गावात मरत. घरेच्या घरे ओस पडली. लोक त्याला ‘गोधऱ्याचा आजार’ म्हणू लागले. डॉक्टर क्षय म्हणत होते, पण अडाणी समजल्या गेलेल्या आदिवासींनी रोगाला त्याच्या जन्मगावाचे नाव दिले होते. निदान त्यांचे बरोबर होते!

खेडूत मजदूर चेतना संगठ आणि पुढे सिलिकोसिस पीडित संघ या संघटनांनी गावोगाव फिरून आजारी आणि मेलेल्या माणसांच्या याद्या केल्या. सर्वोच्च न्यायालयात २००६ सालची एक जनहित याचिका चालू होतीच. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये शिफारस केली की २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि हयात असलेल्या ३०४ रुग्णांचे पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावे. गुजरात सरकारने ते पैसे दिले का? नाही. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तेव्हा ही भरपाई मार्गी लागली. हिशेब केला तर रक्कम होते सात कोटी चौदा लाख. एखाद्या राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम किस झाड की पत्ती! पण त्यासाठी २३८ घरांना शिफारशीनंतरही साडेपाच वर्षे थांबावे लागले. मूळ याचिका तर २००६ ते २०२४ अशी अठरा वर्षे चालली. ६ ऑगस्ट २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने ती निकाली काढताना धुळीच्या उद्योगांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि भरपाईवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले.

वकील म्हणून या प्रकरणात मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ पासून होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिसचे नाव आहे. एवढेच नव्हे, तर सिलिकोसिसबरोबर होणाऱ्या क्षयाचेही नाव आहे. म्हणजे ‘याला तर क्षय झाला होता’ एवढे म्हणून मालकाला सुटता येत नाही; त्या क्षयाच्या मुळाशी सिलिका असेल तर मालक जबाबदार आहे, असे खुद्द कायदाच सांगतो. कामगाराने एकापाठोपाठ अनेक मालकांकडे काम केले असेल, तर भरपाई त्या सर्वांत वाटून घेण्याची सोयही कायद्यात आहे. असे असूनही गोधऱ्याची भरपाई या कायद्याच्या वाटेने आली नाही. ती आली मानवी हक्क आयोग आणि संविधानाच्या कलम ३२ च्या वाटेने. का? कारण नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न असतो, ‘तू याचा कामगार होतास याला पुरावा काय?’ आणि दुसरा प्रश्न असतो, ‘तुला हाच रोग आहे याचा दाखला कुठे आहे?’ आदिवासी मजुराकडे ना हजेरीपत्रक होते, ना पगाराची पावती, ना ओळखपत्र. आणि दवाखान्याच्या कागदावर होता क्षय. दोन कागद नव्हते म्हणून शंभर वर्षांचा कायदा कुचकामी ठरला.

म्हणून माझे स्पष्ट म्हणणे असे आहे की सिलिकोसिसचा लढा हा आज मुख्यतः कागदाचा लढा आहे. कायदा नाही म्हणून आपली माणसे मरत नाहीत. कायद्याच्या दारापर्यंत नेणारा कागद त्यांच्या हाती पडू दिला जात नाही म्हणून ती मरतात. कागद हातात नसणे हा या देशातल्या अस्पृश्यांचा, आदिवासींचा आणि भटक्या-विमुक्तांचा जुना भोग आहे. राबणाऱ्याच्या नावावर जमिनीचा कागद नव्हता, आता कामाचा कागद नाही.

‘यात जातीचा काय संबंध, धूळ काय जात पाहून नाकात जाते?’ असा प्रश्न काही शहाणे विचारतील. धूळ जात पाहत नाही, पण धुळीच्या समोर कोणाला उभे करायचे हे जात पाहूनच ठरते. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडलेल्या कप्प्यांत कोंडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या ग्रंथात दाखवून दिले. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगाराला विटाळ होई. कामगार पुढाऱ्यांना याचे सोयरसुतक नव्हते. बाबासाहेबांनीच तो प्रश्न संपाच्या ऐन धामधुमीत मांडला. कमी जोखमीचे, जास्त पगाराचे खाते वरच्यांना आणि उरलेसुरले आपल्याला, हा गिरणीचा नियम दगडखाणीत आणि फौंड्रीत बदलला आहे काय? राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींत खाली उतरणारे कोण आहेत? दलित आणि आदिवासी. आपल्याकडे दगड फोडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले? वडार समाजाच्या. उसाच्या फडातून, कोरडवाहू रानातून उठून शहरातल्या बांधकामावर येणाऱ्या आपल्या पोरांच्या हातात कटर आणि ग्राइंडर येतो, कॉम्प्युटर येत नाही.

कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीला बाहेरून चिकटवलेला प्रश्न नाही. बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सभासद होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या खोल्या पाहिल्या. कोळसा खाण कामगारांचा कल्याण निधी १९४४ साली उभा राहिला. अभ्रक खाण कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९४६ साली झाला. अभ्रकाच्या खाणीतही सिलिकेचीच धूळ असते. कारखान्यात ४८ तासांचा आठवडा आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. कारखान्यांतील सुरक्षा आणि आरोग्यावर सरकारला सल्ला देणारी केंद्रीय यंत्रणाही त्यांच्याच खात्याखाली १९४५ साली सुरू झाली. मुंबईत शीवला असलेली केंद्रीय श्रम संस्था त्याच यंत्रणेचा भाग आहे. पुढे संविधानाच्या कलम ३९ मध्ये कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा आणि शक्तीचा दुरुपयोग होऊ नये हे तत्त्व आले, कलम ४२ मध्ये कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला आणि कामगाराच्या आरोग्याची नोंद काम सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपून ठेवण्याचा आदेश दिला. रोग वीस वर्षांनी उमटतो, म्हणून कागद चाळीस वर्षे जगला पाहिजे, हे न्यायालयाला समजले होते.

आता आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यात धुळीबद्दल कलमे होती. भोपाळनंतर १९८७ साली धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण घातले गेले आणि हवेत किती सिलिका चालेल याची मर्यादा ठरली. शुद्ध गारगोटीच्या धुळीला ती एका घनमीटर हवेत सुमारे ०.१ मिलिग्रॅम येते. अमेरिकेने २०१६ साली आपल्या उद्योगांसाठी ती ०.०५ केली, म्हणजे आपल्या निम्मी. सिलिकोसिसचा रुग्ण सापडला की डॉक्टरने कारखाना निरीक्षकाच्या वरिष्ठ कार्यालयाला कळवलेच पाहिजे, असेही त्या कायद्यात होते आणि न कळवल्यास दंड होता, जास्तीत जास्त एक हजार रुपये! २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत विलीन झाले. रोग कळवण्याची सक्ती नव्या संहितेत आहे, ठरावीक कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणीही आहे, व्यावसायिक रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे. हे मान्य केले पाहिजे. परंतु वीज वापरणारा कारखाना म्हणजे पूर्वी दहा कामगारांचा होता, तो आता वीस कामगारांचा झाला. सुरक्षा-आरोग्याच्या सर्वसाधारण तरतुदींनाही दहा कामगारांची अट आहे. आणि निरीक्षकाचा झाला आहे ‘निरीक्षक-नि-सुविधाकर्ता’. सुविधा कोणाची, हे सांगण्याची गरज नाही.

सिलिकेची धूळ कुठे उडते? ती मुख्यतः उडते आठ मजुरांच्या क्रशरवर, पाच पोरांच्या ग्रॅनाइट कापण्याच्या शेडमध्ये, ठेकेदाराच्या तिघाजणांच्या टोळीत. कायद्याची जाळी अशी विणली आहे की मोठा मासा सुटतो ठेकेदाराच्या आडून आणि छोटा सुटतो संख्येच्या आडून. मात्र याच संहितेत एक परंतुक आहे. जिवाला धोका असलेली कामे केंद्र सरकारने अधिसूचित केली, तर त्यांना कामगारसंख्येची अट लागू राहत नाही. एकच कामगार असला तरी कायदा लागू होऊ शकतो. खाउजा धोरणाच्या काळात मजुराच्या बाजूने उरलेली ही एक फट आहे आणि आपण तिच्यात पाय घातला पाहिजे. सिलिकेची धूळ उडवणारे प्रत्येक काम, मग ते एका मजुराचे का असेना, या अधिसूचनेखाली आलेच पाहिजे, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

महाराष्ट्रात हा प्रश्न नाही, असे एक मत पसरवले जाते. सह्याद्रीचा काळा पाषाण दाखवून सांगतात की यात मोकळी सिलिका कमी असते. ती कमी असते हे खरे आहे, पण कमी म्हणजे निर्धोक नव्हे. शिवाय महाराष्ट्र म्हणजे केवळ काळा पाषाण नव्हे. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-पियाळी भागात सिलिका वाळूचेच उत्खनन होते. ही वाळू काचेला आणि फौंड्रीला लागते. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फौंड्र्यांत वाळूचे साचे भरले जातात, ओतकाम थंड झाल्यावर साचे फोडले जातात आणि फेटलिंगच्या खात्यात कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरने घासून काढली जाते. मुंबई-पुण्याच्या प्रत्येक इमारतीत पाइपासाठी भिंतीत झिरी पाडणारा, टाइल कापणारा, काँक्रीट फोडणारा मजूर धुळीच्या ढगात उभा असतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी आता कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या फरशीची फॅशन आली आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण पाव ते तिसरा हिस्सा असते, या कृत्रिम फरशीत ती नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. ऑस्ट्रेलियात ही फरशी कापणारी तरुण पोरे सिलिकोसिसने आजारी पडू लागली, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून ती वापरण्यावर बंदी घातली. आपल्याकडे ती कापणाऱ्याच्या तोंडाला फक्त रुमाल आहे!

रुमालावरून आठवण झाली ती मास्कची. कुठेही तपासणी झाली की मालक सांगतो, ‘आम्ही मास्क देतो, पण हे लोकच घालत नाहीत.’ दोष पुन्हा मजुराचाच! चाळीस अंशांच्या उन्हात आठ-दहा तास घण मारणाऱ्याने तोंड बांधून श्वास कसा घ्यायचा, हे सांगणाऱ्याने एक तास तरी ते करून दाखवावे. कापडाचा रुमाल किंवा साधा कागदी मास्क बारीक धूळ अडवत नाही. धूळ अडवायची ती नाकापाशी नव्हे, उडण्याच्या जागी. ड्रिलला पाण्याची नळी, कटरला पाण्याची धार, क्रशरवर फवारा, ग्राइंडरला धूळ ओढणारा पंखा, झाडूऐवजी ओले पुसणे आणि शक्य तिथे सिलिका वाळूऐवजी दुसरा पदार्थ, हा खरा क्रम आहे. चांगल्या प्रतीचा श्वसनरक्षक मुखवटा हा त्यानंतरचा, शेवटचा उपाय. ब्रिटनने कास्टिंग साफ करण्यासाठी वाळूचा मारा करण्यावर १९४९ च्या नियमांनीच बंदी घातली होती. हे ज्ञान नवे नाही. मजुराचा जीव स्वस्त आहे म्हणून ते वापरले जात नाही.

किती माणसांचा हा प्रश्न आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९९ साली सांगितले होते की सुमारे ३० लाख कामगार सिलिकेच्या मोठ्या जोखमीखाली आहेत आणि बांधकामातले ५३ लाख त्याहून वेगळे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ साली ठरवले होते की २०३० पर्यंत जगातून सिलिकोसिस हटवायचा. २०३० उंबरठ्यावर आले आहे. आपल्या सरकारने २०२५ पर्यंत क्षयरोग हटवण्याची घोषणा केली होती. पण ज्या फुफ्फुसात दररोज सिलिका भरली जाते त्यातून क्षय हटणार कसा? क्षयाच्या गोळ्या सरकारने द्यायच्या आणि क्षयाला आवतण देणारी धूळ मालकाने, हा कसला कार्यक्रम?

आता चळवळीने करायचे काय? निवेदने आणि मोर्चे आपल्याला नवे नाहीत, ते करावेच लागतील. परंतु लढा कागदाचा असल्यामुळे काही कामे कार्यकर्त्यांनी आपल्या हाती घेतली पाहिजेत.

पहिले काम, कामाची वही. वस्तीतल्या प्रत्येक दगड, वाळू, फौंड्री, बांधकाम कामगाराची एक वही असावी. कोणत्या जागी, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणते काम केले, बरोबर कोण होते, हे तीत लिहावे. उचलीची चिठ्ठी, मुकादमाचा मोबाइलवरचा निरोप, कामाच्या जागेचा फोटो, बँकेत आलेली मजुरी, ई-श्रम कार्ड, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी, सारे जपावे. न्यायालयात असे तुकडेच जोडून पुरावा उभा करता येतो. ठेकेदार पळाला तरी ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाला कायद्याने हात झटकता येत नाहीत.

दुसरे काम, दवाखान्यात एक प्रश्न. क्षयाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ‘धंदा’ या रकान्यात नुसते ‘मजूर’ लिहू देऊ नका. ‘दगडखाण, सात वर्षे’ असे लिहून घ्या. धुळीत काम केलेले असेल तर सिलिकोसिसची तपासणी करण्याची लेखी मागणी करा, क्ष-किरण फोटो घरी सांभाळून ठेवा आणि रोग ठरला की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवल्याची प्रत मागा. आपल्या समाजात आज डॉक्टर आहेत. आरक्षणाने शिकलेल्या डॉक्टरांनी महिन्यातला एक रविवार या कामाला दिला तर ते बाबासाहेबांच्या ऋणातून अंशतः उतराई होतील. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मंडपात छातीच्या तपासणीचे आणि कामगार नोंदणीचे टेबल लावता येणार नाही काय?

तिसरे काम, धोरणाची मागणी. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण आणले. प्रमाणपत्र मिळाल्यावर रुग्णाला ३ लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना २ लाख आणि पेन्शन, अशी त्याची आखणी आहे. मदत राज्य देते, त्यामुळे मजुराला आधी मालकाविरुद्ध खटला जिंकावा लागत नाही. महाराष्ट्रात किमान एवढे तरी मिळाले पाहिजे. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. खाणीने बाधित झालेल्या माणसांसाठीच तो २०१५ च्या दुरुस्तीने निर्माण झाला. खाणीने ज्याचे फुफ्फुस खाल्ले त्याच्याहून अधिक बाधित कोण आहे? मात्र एक सावधगिरी हवी. सरकारी मदत म्हणजे मालकाला माफी नव्हे. सरकारने दिलेला पैसा मालकाकडून वसूल झाला पाहिजे, नाही तर धूळ तशीच उडत राहील आणि आपण फक्त मरणाचे दर ठरवीत बसू.

चौथे काम, एकजूट. हा रोग वडाराला होतो, बौद्धाला होतो, मातंगाला होतो, आदिवासीला होतो, बिहार-झारखंडातून आलेल्या मुसलमान कामगारालाही होतो. त्यांना एका टेबलाशी आणणे हे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे अपुरे राहिलेले काम आहे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही आपले शत्रू आहेत, असे त्यांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे सांगितले होते. पहिल्या शत्रूशी आपण रोज लढतो. दुसरा शत्रू मात्र धुळीच्या रूपाने आपल्या घरात, आपल्या माणसाच्या श्वासात शिरला तरी आपण त्याला ओळखत नाही.

त्याला ओळखायचे तर आधी त्याचे नाव घेतले पाहिजे. महाडच्या तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मिळवला, तो माणूस म्हणून जगण्याचा हक्क होता. स्वच्छ हवेत काम करण्याचा हक्क त्याहून वेगळा नाही. आपल्या वस्तीत यापुढे धुळीत राबलेला माणूस खोकू लागला, तर त्याच्या कार्डावर काय लिहिले आहे ते वाचा आणि जे लिहिले नाही ते लिहायला लावा. मरणाचे खरे नाव कागदावर आले, की त्या मरणाचा जबाबदार माणूसही कागदावर येईल. मग त्याला न्यायालयात खेचण्याचे काम आम्हा वकिलांचे!

जयभीम!